खाडीकाठची पक्की वाट

नवी मुंबईत नेरूळला पाम बीच रस्त्यालगत एक मोठा तलाव आहे. ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या नावाने तो ओळखला जातो. त्याच्या काठाने फिरायला पक्की वाट आहे. पलीकडे खारफुटीचे रान आणि त्यापुढे खाडी. सकाळी येथे पुष्कळ लोक चालायला येतात. पण बहुतेकांचे लक्ष घड्याळाकडे असते, पाण्याकडे नसते. मुलांनो, आपण मात्र हळू चालायचे. रंगीबेरंगी कपडे नकोत, मोठ्याने बोलणे नको. दुर्बीण असली तर उत्तम. हा शब्द मराठीने फारसीतूनच घेतला, म्हणून तो तुम्हांला परका वाटणार नाही.

काठावर मातकट रंगाचा एक पक्षी दगडासारखा स्तब्ध बसलेला असतो. तो वंचक. जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. उडाला की त्याचे पांढरेशुभ्र पंख एकदम उघडतात आणि आपण दचकतो! तुमच्या उर्दूतल्या बगुल्याचाच हा भाऊबंद. खांबावर पंख पसरून बसलेला काळा पक्षी म्हणजे पाणकावळा. बुडी मारल्यावर त्याचे पंख भिजतात, म्हणून तो ते वाळवतो. लांब लाल पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालतो. चिखलात निवटे उड्या मारतात. हे मासे असूनही पाण्याबाहेर राहू शकतात. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागेल. मुळांनी ओढून घेतलेले जादा मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते.

हिवाळ्यात येथे खरे पाहुणे येतात ते रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो. कच्छच्या रणात ते घरटी करतात. त्यांची पिल्ले करड्या रंगाची असतात. खाद्यातील रंगद्रव्यामुळे पिसे पुढे गुलाबी होतात. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि पाणी गाळून शेवाळ व बारीक जीव खातो.

रोहित पाहायचे तर आधी भरतीची वेळ पाहावी. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो व पक्षी तेथे चरतात. भरतीत तो चिखल बुडाला, की ते नेरूळजवळच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही.

या तळ्यांनाही भरतीचेच पाणी लागते. ते आत येण्याचे मार्ग बंद झाले, तर तळे सुकते. नेरूळच्या एका तळ्यात असेच घडले आणि एप्रिल २०२४ मध्ये तेथे काही रोहित मेले. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने ते तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. उत्तरेकडे ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग २०१५ पासूनच अभयारण्य आहे. पण पक्ष्यांना नकाशावरची रेघ कशी कळावी? भरतीत निवांत जागा दिसेल तेथे ते उतरतात.

काही लोक कुरव पक्ष्यांना गाठी-फरसाण टाकतात. त्याला दया म्हणावे, असे मला वाटत नाही. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे.

सोबत एक वही ठेवा. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कोणता पक्षी, किती आणि काय करत होता, एवढे लिहा. नाव ठाऊक नसेल तर चोच व पाय यांचे चित्र काढा. मुंबईत जन्मलेले थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी दहा वर्षांचे असताना घरच्या चिमण्यांविषयी असेच टिपण केले होते.

पावसाळा तोंडावर आला, की रोहितांचे थवे बहुधा रात्री निघून जातात. काही करडी, लहान वयाची पाखरे मागे राहतात. जून-जुलैत तलावावर गेलात, तर त्यांच्यासाठी वहीत वेगळे पान करा.

स्वाध्याय
१. वंचक पक्षी चटकन का दिसत नाही?
२. भरती व ओहोटीच्या वेळी रोहित कोठे असतात? का?
३. तुमच्या गावातील तलाव, नदी किंवा खाडीवर अर्धा तास थांबून दिसलेल्या पक्ष्यांची नोंद मराठीत करा.