पहिला शब्द कोणता, हे रुग्णालाच विचारा

मेंदूच्या डाव्या बाजूला झटका बसला, की उजव्या हातापायासोबत अनेकदा वाचाही जाते. हा वाचाघात. बुद्धी गेलेली नसते, शब्द सापडत नसतो. 'पाणी' म्हणता न येणारा कधी कधी 'जय भीम' चटकन म्हणतो, कारण सवयीचे बोल शाबूत राहू शकतात. घरचे समजतात, नाटक करतोय!

स्पीच थेरपिस्टकडे जाताना त्याचं रोजचं जगणं लिहून न्या: काम कोणतं, घरची बोली, नातवंडांची नावं. रिक्षावाल्याला नुसती फळांची चित्रं ओळखायला लावून काय उपयोग? त्याला आधी भाडं सांगायचं असेल, किंवा नातीला हाक मारायची असेल. फोटो दाखवून, हो-नाही विचारून त्यालाच निवडू द्या. उत्तराला वेळ लागतो. तोवर वाक्य आपणच पुरं करू नका, टीव्हीही बंद ठेवा.