मधुमेह : प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींनी इंजेक्शन सुटेल का?

लहान वयात मधुमेह झालेल्या मुलाच्या आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो : 'डॉक्टर, ही इंजेक्शने जन्मभर घ्यायची का?' याच प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवू लागले. त्यात कुठवर यश आले, ते आज पाहू.

जठराच्या मागे स्वादुपिंड ही ग्रंथी असते. तिच्यात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. १८६९ साली पॉल लँगरहॅन्स या जर्मन संशोधकाने त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना 'लँगरहॅन्सची बेटे' म्हणतात. या बेटांतील बीटा पेशी रक्तातील साखरेचा सतत अंदाज घेतात आणि लागेल तेवढेच इन्शुलिन सोडतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती याच पेशींचा नाश करते. मग इन्शुलिन बाहेरून देण्यावाचून गत्यंतर नसते. इंजेक्शनने जीव वाचतो. पण साखर पाहून इन्शुलिन कमीजास्त करणे त्याला जमत नाही. त्यामुळे साखर कधी वाढते, तर कधी एकदम उतरून रुग्ण बेशुद्धही पडतो.

नव्या पेशी आणायच्या कोठून? कॅनडातील एडमंटन येथील डॉक्टरांनी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातील बेटे सात रुग्णांना दिली. सातही जणांचे इन्शुलिन सुटल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. मात्र एका रुग्णासाठी बहुधा दोन किंवा अधिक दाते लागत, आणि काही वर्षांत बऱ्याच जणांना पुन्हा इंजेक्शने सुरू करावी लागली.

यावर उपाय म्हणून मूलपेशींकडे लक्ष गेले. मूलपेशी म्हणजे अजून कोणतेही ठराविक काम न स्वीकारलेली पेशी. तिला ठराविक क्रमाने निरनिराळी द्रव्ये दिली की ती टप्प्याटप्प्याने बीटा पेशीसारखी बनते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे डग्लस मेल्टन यांनी २०१४ साली अशा कोट्यवधी पेशी तयार करून दाखवल्या. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही मुलांना हाच मधुमेह आहे.

अशा पेशी माणसाला दिल्याच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. साखर धोकादायकरीत्या उतरणाऱ्या बारा रुग्णांना यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून या पेशींची पूर्ण मात्रा दिली होती. वर्षभरानंतर त्यांपैकी दहा जणांना इन्शुलिनची गरज उरली नव्हती.

पण दुसरी बाजूही पाहावी. शरीराने या पेशी नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सतत घ्यावी लागतात आणि त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. याच चाचणीतील एक रुग्ण मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग होऊन दगावला. या औषधांविना काम भागवण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

म्हणून वाचकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

● 'स्टेम सेलने मधुमेह कायमचा बरा' अशा जाहिरातींना भुलू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मधुमेहासाठी अशा उपचाराला मान्यता नाही. नोंदणीकृत चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

● पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन एक दिवसही बंद करू नये. रक्तात आम्ल साचून प्राणावर बेतू शकते.

● मोठ्या वयात होणारा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. तेथे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. आहार, व्यायाम, वजन आणि औषधे यांवरच तेथे मुख्य भर हवा.

संशोधन आशादायक आहे. त्याचा लाभ आपल्या मुलापर्यंत पोहोचेल तेव्हा त्याचे डोळे, मूत्रपिंडे आणि पाय शाबूत असायला हवेत. त्यासाठी आजचे इंजेक्शन आजच घेतले पाहिजे.