गिधाडे कोठे गेली? अन्नजाळ्याचा एक पाठ

गावात एखादा बैल किंवा म्हैस दगावली की ते कलेवर गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी नेऊन टाकावे, थोड्याच वेळात आकाशात काळे ठिपके घिरट्या घालू लागावेत आणि दिवस मावळण्यापूर्वी त्या जागी केवळ हाडांचा सांगाडा उरावा, हे दृश्य आज साठीच्या घरात असलेल्या अनेक ग्रामस्थांनी लहानपणी पाहिलेले आहे. त्याच गावातील शाळकरी मुलाने मात्र गिधाड पाहिलेले असते ते बहुधा पुस्तकातील चित्रात. एका पिढीच्या अवधीत हा पक्षी बहुतेक गावांच्या आकाशातून नाहीसा झाला. तो का नाहीसा झाला, हे समजून घेताना जीवशास्त्र आणि पर्यावरण यांतील अनेक प्राथमिक संकल्पना आपोआप उलगडत जातात.

अन्नसाखळी शिकविताना शिक्षक सामान्यतः गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि ससाणा ही नावे बाणांनी जोडून फळ्यावर लिहितात. विद्यार्थी ती पाठही करतात. परंतु या साखळीतील एखादा दुवा निखळला तर काय घडते, हा प्रश्न पुस्तकातच राहतो. आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष घडून गेले आहे.

उत्पादक, भक्षक आणि सफाई करणारे

हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करतात. म्हणून त्यांना उत्पादक म्हणतात. वनस्पतींवर जगणारे प्राणी हे प्राथमिक भक्षक आणि त्यांना खाऊन जगणारे हे त्यापुढील श्रेणीचे भक्षक होत. परंतु मेलेल्या प्राण्यांचे पुढे काय होते, याचा विचार केल्याशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही. मृत शरीरावर जगणारे गिधाडासारखे प्राणी म्हणजे मृतभक्षक. त्यांनी उरविलेला भाग कुजवून त्यातील द्रव्ये मातीला परत देणारे जिवाणू आणि बुरशी म्हणजे विघटक. या सर्वांच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. म्हणूनच शास्त्रज्ञ अन्नसाखळीपेक्षा अन्नजाळे हा शब्द अधिक योग्य मानतात.

गिधाडाची देहरचना त्याच्या कामाला साजेशी आहे. रुंद पंखांमुळे ते तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहांवर फारसे श्रम न करता तासन् तास तरंगू शकते. मानेवर दाट पिसे नसल्यामुळे कलेवरात मान खुपसूनही ती फारशी माखत नाही. त्याच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते आणि सडक्या मांसातील कित्येक रोगजंतू त्यात टिकाव धरू शकत नाहीत. गिधाडांचा मोठा थवा एखाद्या गुराचे कलेवर तासाभराच्या आत साफ करू शकतो. मराठी भाषेत ‘गिधाड’ हा शब्द आपण हावरट माणसासाठी वापरतो. प्रत्यक्षात हा पक्षी गावाचे आरोग्य विनामूल्य राखत होता.

औषध गुराला, मृत्यू गिधाडाला

राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी १९९० नंतरच्या दशकात निदर्शनास आणले. माना लोंबकळत बसलेली आजारी गिधाडे ठिकठिकाणी दिसू लागली. एखादा संसर्गजन्य रोग पसरला असावा, अशी प्रारंभी अनेकांची समजूत होती. परंतु पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून वेगळाच निष्कर्ष निघाला आणि तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिधाडांच्या मृत्यूचे कारण डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध होते.

सूज आणि वेदना कमी करण्यासाठी हे औषध माणसाला दिले जाते. गुरांवरील उपचारांतही त्याचा वापर वाढत गेला, कारण ते स्वस्त होते आणि गुणही लवकर येत असे. औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राहतो. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. सस्तन प्राणी शरीरातील नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः युरियाच्या रूपाने बाहेर टाकतात, तर पक्षी ते यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. मूत्रपिंडे बंद पडली की हे यूरिक आम्ल साचत जाते, यकृत, हृदय इत्यादी अवयवांवर खडूसारखा पांढरा थर चढतो आणि काही दिवसांतच पक्षी मरतो.

येथे विद्यार्थ्यांच्या मनावर एक महत्त्वाची गोष्ट बिंबविली पाहिजे. औषध बनविणाऱ्याने, देणाऱ्याने अथवा पशुपालकाने गिधाडाचे वाईट चिंतिले नव्हते. ज्या गाईला औषध दिले तिला त्यापासून आरामच पडत होता. परंतु एखादा पदार्थ निरुपद्रवी आहे किंवा नाही, हे ठरविताना तो ज्याला दिला त्याच्यापुरतेच पाहून भागत नाही. तो पुढे कोणाच्या पोटात जाणार आहे, हेही पाहावे लागते.

घटीचे गणित

मृत जनावरांपैकी शंभरात एकाहूनही कमी कलेवरांत या औषधाचा घातक अंश असला, तरी गिधाडांची एवढी घट होण्यास ते पुरेसे आहे, असे शास्त्रज्ञांनी हिशेबाने दाखवून दिले. याचे कारण गिधाडांच्या जीवनक्रमात आहे. एका कलेवरावर अनेक गिधाडे एकत्र जेवतात. त्यामुळे एक दूषित कलेवर अनेकांचा बळी घेते. शिवाय गिधाडांची जोडी वर्षातून एकच अंडे घालते आणि पिलाला वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. अशा प्राण्यांत मृत्यूचे प्रमाण थोडे वाढले तरी जन्माने ती तूट भरून निघत नाही.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या काही वर्षे दरसाल सुमारे ४४ टक्क्यांनी घटत होती. हे गणित वर्गात करून घ्यावे. प्रारंभी १०० पक्षी धरले तर पहिल्या वर्षाअखेर ५६, दुसऱ्या वर्षी ३१, तिसऱ्या वर्षी १८, चौथ्या वर्षी १० आणि पाचव्या वर्षी जेमतेम ६ उरतात. १९९२ ते २००७ या काळात या जातीची देशातील संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारांमागे एकच पक्षी उरला. लांब चोचीच्या गिधाडांचीही अशीच मोठी हानी झाली.

मोकळी झालेली जागा

निसर्गात अन्न पडून राहत नाही. गिधाडे गेल्यावर कलेवरांवर भटकी कुत्री जमू लागली आणि त्यांची संख्या वाढली. कुत्र्यांबरोबर पिसाळ रोगाचा धोका वाढला. उघड्यावर सडणाऱ्या कलेवरांमुळे पाण्याचे साठेही दूषित होऊ लागले. २००० ते २००५ या पाच वर्षांत गिधाडांच्या अभावामुळे देशात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असे अनुमान दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. मुंबईतील पारशी समाजाच्या परंपरागत अंत्यविधीतही अडचण निर्माण झाली.

उपाययोजना

जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यास केंद्र शासनाने २००६ मध्ये बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना उपयुक्त आणि गिधाडांना निर्धोक असल्याचे त्याच सुमारास सिद्ध झाले. तरीही माणसांसाठी असलेल्या मोठ्या कुप्या गुरांकरिता वापरल्या जात असल्याचे आढळल्याने २०१५ मध्ये कुपीचे आकारमान ३ मिलिलिटरवर मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र चालविण्यात येते. तेथील काही गिधाडे २०२४ मध्ये आपल्या राज्यातील पेंच आणि ताडोबा येथे आणण्यात आली. रायगड जिल्ह्यातील म्हसळा परिसर, नाशिकजवळील अंजनेरीचे कडे आणि गडचिरोलीचा वनप्रदेश येथील गिधाडे टिकविण्याचे प्रयत्नही होत आले आहेत.

शाळा आणि पंचायत यांचे काम

बंदीचा हुकूम राजधानीत निघतो; त्याची खरी अंमलबजावणी मात्र गोठ्यात व्हावयाची असते. आजारी बैलाला कोणती सुई टोचली जाते, यावर पुष्कळसे अवलंबून आहे. या दृष्टीने ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना ग्रामसभेत बोलावून निर्धोक आणि घातक औषधांची माहिती पशुपालकांना द्यावी आणि ती नावे दवाखान्यात व चावडीवर मराठीत लावावीत. कुत्री किंवा बिबट्या मारण्यासाठी कलेवरात विष घालण्याचा प्रकार कायद्याने गुन्हा आहे; त्याने गिधाडेही मरतात, हे लोकांना समजावून सांगावे. जेथे गिधाडांची घरटी आहेत तेथील उंच जुनी झाडे राखावीत. जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत गिधाडांची नोंद करावी आणि ती शेवटची केव्हा दिसली, हेही लिहून ठेवावे.

ही माहिती गोळा करण्याचे काम विद्यार्थी उत्तम प्रकारे करू शकतील. गावातील पाच वडीलधाऱ्या मंडळींना भेटून त्यांनी विचारावे : गिधाडे कोणत्या झाडावर किंवा कड्यावर बसत? साधारण किती असत? ती दिसेनाशी केव्हा झाली? मेलेले जनावर पूर्वी कोठे टाकीत आणि आता त्याचे काय करतात? उत्तरे वहीत लिहून वर्गात ताडून पाहावीत. त्यानंतर गवत, गाय, माणूस, गिधाड, कुत्रा आणि विघटक यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मुलांच्या हाती देऊन कोण कोणावर जगते ते सुतळीने जोडून दाखवावे, आणि मग गिधाडाच्या हातातील सुतळी सोडावयास सांगावी. कोणकोणत्या हातांतील सुतळी सैल पडते, ते मुलांना स्वतःच दिसेल.

अन्नजाळे ही संकल्पना अशा रीतीने शिकलेला विद्यार्थी उद्या पशुपालक होईल, औषधविक्रेता होईल किंवा पंचायतीचा सदस्य होईल. आजारी गुरासाठी औषध घेताना अथवा देताना ते गिधाडाला चालेल का, एवढा प्रश्न त्याने विचारला तरी या पाठाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.