मोठ्या शाळेच्या लहान शाळा : न्यूयॉर्कच्या एका प्रयोगाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

यंदा समाजशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हां प्रत्येकाला एकेक विषय अभ्यासासाठी नेमून दिला. माझ्या वाट्याला आला तो असा : मोठ्या सरकारी शाळांचे विभाजन करून लहान शाळा केल्या तर शिक्षण सुधारते काय? विषय ऐकून मी मनातून खट्टूच झाले. मैत्रिणींना हुंडा, व्यसनमुक्ती, पंचायतीतील स्त्रिया असे ओळखीचे विषय मिळाले होते. माझा विषय मात्र साता समुद्रांपलीकडचा, अमेरिकेतला. परंतु वाचू लागले तसे ध्यानात आले की, हा विषय आमच्या घरातलाच आहे.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत. दोन गुरुजी आणि तीस-पस्तीस मुले. दादा एक दिवस शाळेत गेला नाही, तर दुपारच्या सुट्टीत गुरुजी दारात हजर होत. पाचवीपासून तो तालुक्याच्या गावी मोठ्या शाळेत जाऊ लागला. तेथे दोन पाळ्यांत मिळून दोन हजारांच्या आसपास मुले, एका वर्गात ऐंशी. नववीत असताना कांदा काढणीला तीन आठवडे तो घरी राहिला. परत गेला तेव्हा धडे पुढे सरकले होते. काही कळेना म्हणून आणखी चार दिवस राहिला, मग आठ दिवस, आणि मग गेलाच नाही. शाळेकडून कोणी विचारले नाही. दोन महिन्यांनी एका मुलाबरोबर निरोप आला, तोही परीक्षेच्या कामासाठी. पटावर दादाचे नाव होते; पण ते कोणाच्या ध्यानात नव्हते. यात त्या शिक्षकांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. दिवसाला तीन-चारशे तोंडे पाहणाऱ्या माणसाने कोणाकोणाला आठवावे? त्याच शाळेत मी टिकले, कारण मराठीच्या बाईंना माझे अक्षर आवडले आणि त्यांना माझे नाव पाठ झाले. म्हणजे एकाच घरातील दोघांचे भवितव्य एका योगायोगावर ठरले. शाळेने योगायोगावर चालावे काय, हाच या लेखाचा खरा प्रश्न आहे.

मोठ्या शाळेचा कैवार

शाळा मोठी असावी हा विचार मुळात वाईट हेतूने आलेला नाही. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९५९ साली अमेरिकन हायस्कुलांवर एक पुस्तक लिहिले. अगदी लहान हायस्कुले बंद करून त्यांचे एकत्रीकरण करावे, शेवटच्या वर्गात निदान शंभर मुले असावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. कारण उघड आहे. वीस मुलांसाठी पदार्थविज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक, प्रयोगशाळा, दोन-तीन परभाषा हे सारे परवडणार कसे? मोठी शाळा ही मोठ्या बाजारपेठेसारखी असते. तेथे सर्व माल मिळतो.

परंतु १९६४ साली रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोन संशोधकांनी कॅन्सस राज्यातील शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नाण्याची दुसरी बाजू दाखवली. मोठ्या शाळेत नाटक, वाद्यवृंद, खेळ असे उपक्रम संख्येने जास्त असतात हे खरे. पण मुलांची संख्या त्याहून कितीतरी पटींनी जास्त असल्याने बहुतेक मुले बघ्याच्या भूमिकेत राहतात. लहान शाळेत नाटक उभे करायचे तर जवळजवळ प्रत्येकाला हात लावावा लागतो. अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही 'तू नसशील तर आमचे अडेल' असे तेथे वाटायला लावले जाते. हे वाचताना मला आमच्या चौथीच्या वर्गाचे स्नेहसंमेलन आठवले. मुले कमी पडली म्हणून दादाला एकाच नाटकात शेतकरी आणि शिपाई अशी दोन्ही सोंगे घ्यावी लागली होती!

न्यूयॉर्कचा प्रयोग

न्यूयॉर्क शहरात लहान शाळांची कल्पना जुनी आहे. १९७४ साली डेबोरा मायर या शिक्षिकेने ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत सेंट्रल पार्क ईस्ट नावाची लहान प्राथमिक शाळा सुरू केली, व १९८५ साली तिला जोडून माध्यमिक शाळा निघाली. पुढे १९९० नंतरच्या दशकात मॅनहॅटनमधील ज्यूलिया रिचमन ही मोठी शाळा क्रमाक्रमाने बंद करून त्याच इमारतीत अनेक लहान शाळा बसवण्यात आल्या.

मोठ्या प्रमाणावर काम झाले ते २००२ नंतर. त्या वर्षी मायकेल ब्लूमबर्ग महापौर झाले, शहरातील शाळांचा कारभार महापौरांच्या हाती आला आणि जोएल क्लाइन यांची शिक्षणप्रमुख म्हणून नेमणूक झाली. २००२ ते २००८ या काळात वीसपेक्षा अधिक मोठी हायस्कुले बंद करण्यात आली आणि दोनशेहून अधिक नव्या लहान शाळा निघाल्या. बंद झालेल्या शाळा बहुतांशी गरीब, कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाच्या वस्त्यांतील होत्या, व त्यांतून वेळेत पदविका घेऊन बाहेर पडणारी मुले निम्म्याहूनही कमी असत.

शाळा बंद करण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. एके दिवशी कुलूप ठोकले असे झाले नाही. मोठ्या शाळेत नववीचा नवा प्रवेश थांबवायचा. आत असलेल्या मुलांना शिकून बाहेर पडू द्यायचे. आणि रिकाम्या होत जाणाऱ्या मजल्यांवर दरवर्षी एकेक वर्ग वाढवत नव्या शाळा उभ्या करायच्या. इमारत एक, भोजनगृह व व्यायामशाळा सामाईक. पण मुख्याध्यापक, शिक्षक आणि पट वेगवेगळा. दर इयत्तेत साधारण शंभर, म्हणजे नववी ते बारावी मिळून सुमारे चारशे मुले.

तथापि केवळ मधे भिंत घातली म्हणजे शाळा लहान झाली असे त्यांनी मानले नाही. नवी शाळा काढू इच्छिणाऱ्यांना आधी आराखडा मांडून मंजुरी घ्यावी लागे. बऱ्याच शाळांना बाहेरच्या एखाद्या संस्थेची जोड होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, थोड्याथोड्या मुलांचा गट एकेका शिक्षकाकडे सोपवलेला असे. त्या मुलांची हजेरी, अभ्यास, घरची अडचण यांची चौकशी त्या शिक्षकाने करायची. आमचे गुरुजी जे आपणहून करीत, तेच तेथे वेळापत्रकात बसवले गेले.

चिठ्ठ्यांनी दिलेला पुरावा

लहान शाळेतील मुले पुढे गेली, पण ती मुळातच हुशार किंवा जागरूक आईबापांची असतील तर? ही शंका रास्त आहे. न्यूयॉर्कच्या प्रवेशपद्धतीमुळे तिचे उत्तर मिळू शकले. तेथे आठवीतील मूल आपल्या पसंतीच्या शाळांची क्रमवार यादी देते. एखाद्या लहान शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर समान पात्रतेच्या मुलांतून संगणक जणू चिठ्ठ्या टाकूनच निवड करतो. म्हणजे एकाच प्रकारची, एकच इच्छा असणारी मुले दोन गटांत विभागली जातात : चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली. त्यांच्या प्रगतीत जो फरक पडेल, तो शाळेमुळेच पडला असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

एमडीआरसी या संशोधन संस्थेने अशा मुलांचा पाठपुरावा केला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार चार वर्षांत पदविका मिळवणाऱ्यांचे प्रमाण लहान शाळांत ६८.७ टक्के होते, तर चिठ्ठी न लागल्याने इतर शाळांत गेलेल्यांत ६१.९ टक्के. म्हणजे शंभर मुलांमागे जवळजवळ सात मुले जास्त तरली. पुढच्या तुकड्यांतही हा लाभ टिकून राहिला. लहान शाळा महाग पडते या आक्षेपालाही उत्तर मिळाले. तेथे कमी मुलांना पाचवे वर्ष काढावे लागले. त्यामुळे उत्तीर्ण होणाऱ्या दर मुलामागचा खर्च उलट कमीच आला.

शंभरात सात हा आकडा लहान वाटेल. परंतु ज्या घरातील मूल त्या सातांत असते त्या घरासाठी तो लहान नसतो.

दुसरी बाजू

आतापर्यंतचे वाचून मी निकाल देऊन मोकळी झाले होते. तेव्हा सरांनी विचारले, "जेथे प्रयोग फसला तेथील वाचलेस काय?" म्हणून पुढील माहिती देते.

कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहरात मॅन्युअल हायस्कूल नावाची जुनी शाळा आहे. २००१ साली तिचे विभाजन करून तीन मजल्यांवर तीन शाळा करण्यात आल्या. मोठ्या शाळेत मिळणारे काही विषय व उपक्रम तुटले, मुले गळत गेली, आणि अखेर २००६ साली ती बंद करावी लागली. २००७ मध्ये तिचा पुन्हा नव्याने आरंभ झाला. लहान शाळांसाठी २००० पासून कोट्यवधी डॉलर देणाऱ्या बिल गेट्स यांनीही २००९ साली जाहीरपणे मान्य केले की, मदत दिलेल्या अनेक शाळांत विद्यार्थ्यांच्या प्रगतीत विशेष सुधारणा दिसली नाही. जेथे आकार बदलला पण शिकवण्याची रीत व वातावरण तेच राहिले, तेथे पदरी काही पडले नाही. भांडे बदलले, आमटी तीच!

न्यूयॉर्कमध्येही सारे गोड नव्हते. आरंभीच्या वर्षांत नव्या शाळांना अपंग व इंग्रजी न येणारी मुले कमी घेण्याची सवलत होती. साहजिकच अशी मुले उरलेल्या मोठ्या शाळांकडे लोटली गेली व तेथील गर्दी वाढली. काहींचे घर बांधताना इतरांच्या घराची माती काढली जाऊ नये, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

शिवाय आकड्यांचाही एक चकवा आहे. तो हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने दाखवून दिला. उत्कृष्ट शाळांच्या यादीत लहान शाळा पुष्कळ दिसतात, म्हणून लहान शाळा चांगल्या असे लोक म्हणू लागले. परंतु सर्वांत वाईट शाळांच्या यादीतही लहान शाळाच पुष्कळ असतात! कारण सोपे आहे. दहा मुलांच्या वर्गात दोन हुशार मुले आली की सरासरी एकदम वर जाते, दोन आजारी पडली की खाली येते. हजार मुलांच्या शाळेत असे चढउतार एकमेकांत मिसळून जातात. म्हणून नुसत्या यशाच्या यादीवर भरवसा ठेवू नये. चिठ्ठ्यांसारखी कसोटी हवी.

आपल्याकडे

आपल्या राज्यात प्रश्न उलट बाजूने उभा आहे. २०२३ साली शासनाने दिलेल्या माहितीनुसार महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजार ७८३ शाळा होत्या. अशा शाळांतील मुलांना एकत्र आणून समूह शाळा कराव्यात, असा विचार त्या वर्षी पुढे आला. त्यामागे कोनंट यांचेच तर्कशास्त्र आहे : सोबत्यांचा मेळा मिळेल, प्रयोगशाळा मिळेल, प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळेल. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. एका गुरुजींनी चार इयत्ता एकाच खोलीत शिकवणे किती कठीण आहे, हे मी पाहिले आहे. परंतु त्याबरोबर हेही पाहिले आहे की, अंतर वाढले की आधी मुली घरी राहतात, आणि गर्दी वाढली की दादासारखी मुले हरवतात.

न्यूयॉर्कने हजारोंचे चारशे केले. चारशेचे चौदा केले नाहीत. तेव्हा त्यांचा दाखला देऊन चौदा मुलांची शाळा आहे तशीच उत्तम असे म्हणता येणार नाही. तसेच दोन हजारांची शाळा हे आदर्शाचे रूप आहे असेही म्हणता येणार नाही. शाळा मोठी की लहान, यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा असे मला नम्रपणे वाटते : आज जे मूल आले नाही, ते आले नाही हे उद्या सकाळपर्यंत कोणाच्या लक्षात येईल? ज्या शाळेत या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावाने देता येते, ती शाळा योग्य आकाराची. मोठ्या शाळेलाही हे अशक्य नाही. इमारत न पाडता, पैसा न ओतता, प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुले नावानिशी सोपवता येतील. मात्र त्यासाठी त्याला आठवड्यातून एक तास मोकळा द्यावा लागेल, आणि तो तास कारकुनी कामाला जुंपता कामा नये.

हा लेख मी घरी वाचून दाखवला. दादा ऐकत होता. तो आता भाड्याचा ट्रॅक्टर चालवतो. न्यूयॉर्कचे आकडे संपल्यावर त्याने एवढेच विचारले, "त्या सात पोरांना कोणी बोलवायला गेलं होतं का?" मी म्हटले, होय, बहुधा तसेच. त्यावर तो काही बोलला नाही. परंतु या वर्षी मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची चौकशी करून ये, असे त्याने मला सांगितले आहे. माहितीपत्रक मी कालच आणून त्याच्या हाती दिले.