नॅनोस्फटिकांना प्रथिनांची जोड

बंगळूरच्या यशवंतपूर रेल्वे स्थानकापासून जवळच भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत २०१० मध्ये नॅनोविज्ञान व अभियांत्रिकी केंद्र सुरू झाले. तत्पूर्वी, २००७ मध्ये, केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपयांचे नॅनो मिशन मंजूर केले होते. परीक्षार्थी हे आकडे पाठ करतात. परंतु ज्या विद्येसाठी हा खर्च होतो, तिच्यातील एखादी तरी प्रक्रिया मुळातून समजून घेतली पाहिजे.

कॅडमियम सेलेनाइडचा काही नॅनोमीटर आकाराचा स्फटिक, म्हणजेच 'क्वांटम डॉट', अतिनील प्रकाशात चमकतो. लहान स्फटिक निळसर, तर मोठा तांबडा प्रकाश देतो. पदार्थ एकच, रंग मात्र आकारावर अवलंबून! या शोधासाठी बावेंडी, ब्रुस व येकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र नुसता स्फटिक रोग ओळखत नाही. ओळखण्याचे काम प्रथिनाचे, दिसण्याचे काम स्फटिकाचे. स्फटिकावर झिंक सल्फाइडचे कवच चढवितात, पाण्यात मिसळण्यासाठी त्यावर कार्बोक्सिल गट असलेला थर देतात आणि या गटांशी प्रथिनातील अमिनो गटांचा रासायनिक बंध घडवितात. खरी अडचण येथेच आहे. प्रतिपिंड उलटे चिकटले, तर त्याची प्रतिजन पकडणारी बाजू झाकली जाते. स्फटिक चमकतो, पण काहीच ओळखत नाही. १९९८ मध्ये चॅन व नी यांनी ट्रान्सफेरिन हे प्रथिन जोडलेले स्फटिक मानवी पेशींना दिले. पेशींनी ते आत घेतले, याचा अर्थ जोडणीनंतरही प्रथिन कार्यक्षम राहिले होते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात एक वेगळाच हिशेब दिसतो. स्फटिकाचे द्रव्य अत्यल्प लागते. प्रतिपिंड मात्र महाग, आणि ते बहुधा शीतगृहातच टिकते. विजेचा भरवसा नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी चाचणी पोहोचवायची, तर हा साठवणुकीचा खर्चही धरावा लागेल. प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकात तो सहसा दिसत नाही.

शिवाय कॅडमियम विषारी आहे. वापरलेल्या चाचणीपट्ट्यांची विल्हेवाट कोणी लावायची, हा प्रश्न उरतोच. इंडियम फॉस्फाइडचे कॅडमियमविरहित स्फटिक हा एक पर्याय आहे. परंतु प्रथिन योग्य बाजूने जोडण्याची अडचण तेथेही तशीच राहते.