आजोबांची रायफल

प्रश्न : आजोबांची .३१५ बोरची रायफल घरी आहे. हरीण, अस्वल यांच्या शिकारीला हे कॅलिबर चालते का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर : चालत असे, आणि झकास. इंग्रजी अमदानीत .३०३ हे लष्करी कॅलिबर सामान्यांना मिळत नसे. म्हणून शिकाऱ्यांच्या हाती .३१५ आली. २४४ ग्रेनची, म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची जाड गोळी. जवळून सांबरालाही पुरे.

पण १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा विषयच संपवला. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. मारल्यास किमान ३ वर्षे कैद. तुमच्या मुलुंडच्या मागच्या राष्ट्रीय उद्यानातले चितळही तेवढेच महागात पडेल. (अस्वल तिथे नाहीच, त्यासाठी विदर्भ गाठावा लागेल, तोही कॅमेरा घेऊन.)

मला चिंता वेगळीच वाटते. परवाना कोणाच्या नावावर आहे? आजोबा हयात नसतील, तर विनापरवाना रायफल कपाटात ठेवणे हाच गुन्हा. पोलीस ठाण्याला कळवून ती तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, मग वारस म्हणून पोलीस आयुक्तालयात अर्ज करा.

नेमबाजीचीच हौस असेल तर वरळीची रेंज आहे. स्वप्निल कुसळेने २०२४मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्य जिंकले, ते .२२ रायफलवर.