पाणबुड्याचा श्वास

पाण्याच्या तळाशी जाणे कठीण नाही. कमरेला जड दगड बांधला तर कोणीही तळ गाठील. कठीण आहे ते तेथे श्वास घेणे, हातून काही काम करणे आणि सुखरूप परत येणे. महाभारतातील दुर्योधन युद्धाच्या अखेरीस डोहात लपून बसला, तेव्हा त्याला जलस्तंभनाची विद्या अवगत होती, असे सांगतात. आपणांपाशी ती विद्या नाही. आपणांपाशी आहे ते पदार्थविज्ञान, आणि त्याच्या आधारे माणसाने सुमारे तीन शतकांत घडविलेली साधने. ह्या साधनांचा एकेक भाग म्हणजे पाण्याने घेतलेल्या एकेका हरकतीचे उत्तर होय. ती उत्तरे कशी सापडली, हे ह्या लेखात पाहू.

आपल्या किनाऱ्यावर बुडी मारणारे लोक पूर्वापार आहेत. समुद्रातील खडकांना चिकटलेल्या शिनाण्यो खरवडून आणणारा गोव्याचा मच्छीमार, किंवा कोकणच्या खाड्यांत 'डुबी' मारून टोपलीने वाळू वर काढणारा मजूर, हे दोघेही एकाच दमावर खाली जातात. त्यांच्या छातीतील हवा हेच त्यांचे सर्व भांडवल. ते मिनिटा-दीड मिनिटात संपते. मग भांडवल वाढविता येणार नाही काय?

पहिली कल्पना कोणालाही सुचेल ती नळीची. तोंडात लांब पोकळ नळी धरावी, तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवावे, आणि खुशाल श्वास घ्यावा! गोष्टींच्या पुस्तकांतील वीर असे करून शत्रूला चकवितात. परंतु गणित काय सांगते ते पाहा. पाण्यात १ मीटर खाली गेले की दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.१ किलो भार अधिक पडतो. छातीचे क्षेत्रफळ अदमासे १००० चौरस सेंटिमीटर धरले, तर एकूण भार १०० किलो झाला. म्हणजे तांदळाची ५० किलोची दोन पोती छातीवर घेऊन श्वास घ्यावयाचा! नळीतील हवा मात्र बाहेरच्याच, हलक्या दाबाची. फुप्फुसे ती ओढणार कशी? म्हणून पृष्ठभागावर पोहणाऱ्यांच्या तोंडातील नळी वीतदीड वीत लांबीची असते, ह्याहून फार लांब नसते.

ह्यावरून पहिला सिद्धांत निघाला. पाण्यात श्वास घ्यावयाचा तर आत येणारी हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची असली पाहिजे. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. पृष्ठभागावर १, तर १० मीटरवर २, २० मीटरवर ३ आणि ३० मीटरवर ४ वातावरणे. हे कोष्टक ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज पडेल.

दाबाची हवा खाली पोचविण्याचा एक उपाय धूमकेतूमुळे प्रसिद्ध झालेल्या एडमंड हॅली ह्याने १६९१ च्या सुमारास केला. उपडी घातलेली मोठी घंटा पाण्यात सोडावयाची आणि तिच्यातील हवा संपू लागली की वजन बांधलेल्या पिपांतून ताजी हवा खाली धाडावयाची, अशी ती योजना होती. पाण्यात उपडा पेला दाबून पाहा. आतील हवा पेल्यातच राहते. हॅलीची घंटा म्हणजे हाच पेला, पण माणसे मावतील एवढा. तिच्यात बसता येई. फिरता मात्र येत नसे.

फिरता येण्यासाठी घंटा माणसाच्या डोक्यावरच चढवावी लागली. इंग्लंडातील चार्ल्स डीन ह्याने १८२३ साली धुराने भरलेल्या घरांत शिरण्यासाठी एक शिरस्त्राण केले होते. त्याने व त्याचा भाऊ जॉन ह्याने पुढे तेच पाण्यासाठी वापरले. वरून पंपाने हवा येई व कमरेजवळून निघून जाई. त्यात एक मोठे वैगुण्य होते. पाणबुड्या अडखळून आडवा पडला की शिरस्त्राणात पाणी भरे. लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन कारागीर ऑगस्टस सीबे ह्याने १८३७ च्या सुमारास तांब्याचे शिरस्त्राण, उरस्त्राण आणि जलाभेद्य पोशाख एकसंध जोडला, आणि वापरलेली हवा बाहेर जाईल पण पाणी आत येणार नाही अशी झडप बसविली. तांब्याचे डोके, छातीपाठीवर शिशाची वजने, पायांत शिशाच्या तळाचे बूट असा हा पोशाख. सारा मिळून ८० किलोच्या आसपास भरे. काठावर त्याला दोघांनी धरून उभे करावे लागे. पाण्यात उतरताच तोच माणूस चालू लागे.

ह्या पोशाखाची कसोटी 'रॉयल जॉर्ज' ह्या युद्धनौकेच्या अवशेषांवर लागली. पोर्ट्समथजवळ ही नौका १७८२ साली नांगरलेल्या स्थितीत बुडाली होती व तिच्याबरोबर शेकडो माणसे गेली होती. कर्नल पास्ली ह्यांच्या हाताखालील लष्करी पाणबुड्यांनी १८३९ ते १८४३ ह्या काळात ते अवशेष हलविले.

ह्या पोशाखाने काय साधता येते ह्याचे दुसरे उदाहरण विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे. दलदलीवर उभे असलेले हे प्राचीन मंदिर विसाव्या शतकाच्या आरंभी खचू लागले. पायाखाली चर खणले की त्यांत पाणी भरे, आणि ते उपसावे तर पायाखालची मातीच वाहून जाण्याचे भय. तेव्हा विल्यम वॉकर नावाचा पाणबुड्या १९०६ पासून जवळजवळ सहा वर्षे रोज त्या चरांत उतरला. खोली सुमारे ६ मीटर. पाणी इतके गढूळ की दिव्याचा उपयोग नाही. केवळ हातांनी चाचपून त्याने काँक्रीटच्या पोत्यांचे थर तळाशी रचले, पाण्याची वाट बंद केली, आणि मग गवंड्यांनी कोरड्या चरात वर भिंती बांधल्या. तो १९१८ च्या साथीत वारला. मंदिर आजही उभे आहे.

परंतु पाण्याची एक हरकत अद्याप उरली होती. 'रॉयल जॉर्ज'वरील पाणबुड्यांना सांधेदुखी जडे. लोक तिला संधिवात समजत. पुढे पुलांचे पाये खणण्यासाठी दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्या नदीत उतरवू लागले, तेव्हा त्यांतून बाहेर आलेले मजूर वेदनांनी वाकडे होत. काही पांगळे झाले, काही मेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये ह्याच व्याधीने अंथरुणास खिळला. त्याची पत्नी एमिली हिने गणित व बांधकामशास्त्र शिकून त्याच्या सूचना कामावर पोचविल्या, आणि १८८३ साली पूल पुरा झाला.

ह्या व्याधीचे मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर ह्याने १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. हवेत सुमारे चार पंचमांश नत्रवायू आहे. दाब वाढला की तो रक्तात व पेशींत अधिक विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर आतल्या आत बुडबुडे धरतो. गोटी सोड्याची बाटली तुम्ही पाहिलीच असेल. गोटी दाबताच दाब उतरतो आणि शांत दिसणारे पाणी फसफसू लागते. पाणबुड्याचे रक्त म्हणजे तेव्हा ती बाटलीच होय. स्कॉटलंडात जन्मलेले जे. एस. हॉल्डेन ह्यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये वर येण्याची कोष्टके सिद्ध केली. कोणत्या खोलीवर किती वेळ काम केले म्हणजे वर येताना कोठे व किती मिनिटे थांबावे, हे त्यांत दिलेले असते. पितळेचा वा रबराचा एकही तुकडा नसलेले हे कागदी साधन; पण त्याने वाचविलेले प्राण कोणत्याही शिरस्त्राणाहून कमी नसतील.

आता वरून येणारी नळीही नको, हवा पाठीवरच घेऊन जावे, ही कल्पना राहिली. रुकेरोल व देनेरूझ ह्या फ्रेंच गृहस्थांनी १८६० नंतरच्या दशकात तिचा आरंभ केला. पण फार दाब सोसणारी टाकी तेव्हा होत नसे. १९४३ साली नौदल अधिकारी झाक कुस्तो व अभियंता एमिल गान्यां ह्यांनी ती तडीस नेली. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठी गान्यांने एक झडप केली होती. इंजिन जेवढे ओढील तेवढाच गॅस ती सोडी. हीच झडप माणसाच्या फुप्फुसांसाठी वापरली. पहिल्या चाचणीत उभे राहिले की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की मिळेनाशी होई. कारण शोधता असे आढळले की हवा आत येण्याची व बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या पातळीवर होती. पातळी वेगळी म्हणजे दाब वेगळा. दोन्ही जागा जवळजवळ आणताच यंत्र सुरळीत चालले. 'स्कूबा' हा आज रूढ झालेला शब्द पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचा आहे. त्याचा भावार्थ, श्वासाचे स्वयंपूर्ण साधन.

आजचे साधन उघडून पाहू. पाठीवरील टाकी बहुधा १२ लिटरची. तिच्यात हवा २०० पट दाबून भरतात, म्हणजे २४०० लिटर. ह्या हवेचे वजन ३ किलोच्या घरात जाते. म्हणून टाकी रिकामी होत जाते तसा पाणबुड्या हलका होऊन वर ढकलला जातो, आणि त्यासाठी कमरेचे शिसे आधीच हिशोबाने बांधावे लागते. टाकीवरील पहिली झडप दाब बराच उतरविते; तोंडाजवळची दुसरी झडप तो भोवतालच्या पाण्याइतका करते. अंगातील जाकिटात हवा भरून वा सोडून तरंगणे सांभाळता येते. एक मापक टाकीतील दाब दाखविते, दुसरे खोली. डोळ्यांवरील मुखवट्यात नाकही झाकलेले असते, कारण आतील दाब सारखा करण्यासाठी नाकाने हवा सोडावी लागते.

आता ते कोष्टक आठवा. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरा. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणून टाकीतून ६० लिटर जातील. २४०० पैकी चौथा भाग, ६०० लिटर, संकटासाठी राखून ठेवावा. उरले १८००, म्हणजे ३० मिनिटे. ३० मीटरवर तीच हवा साडेबावीस मिनिटेच पुरेल. भागाकार चुकला तर परीक्षेत एक गुण जातो. तेथे काय जाईल, हे सांगावयास नको.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. वर्तमानपत्रे पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीला 'प्राणवायूची टाकी' म्हणतात. वस्तुतः तिच्यात साधी, कोरडी, गाळलेली हवा असते. शुद्ध प्राणवायू सुमारे ६ मीटरपलीकडे विषासारखा बाधतो व माणसास आचके येतात. प्राण देणारा वायूही प्रमाणाबाहेर प्राणहारक ठरतो. उलट, हवा भरणाऱ्या यंत्राचे तोंड एखाद्या इंजिनाच्या धुराजवळ असेल, तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि खोलीवर दाबाबरोबर त्याची बाधाही वाढते. म्हणून हे साधन विकणारा, भाड्याने देणारा आणि टाकी भरणारा हे केवळ दुकानदार नव्हेत. टाकीच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचणे, झडप वेळच्या वेळी उघडून साफ करणे, रबरी नळीला चीर आहे काय हे वाकवून पाहणे, ही त्यांची नित्यकर्मे. ज्याने आळस केला तो काठावर असतो. त्याचे फळ भोगणारा तळाशी.

आपल्या प्रदेशाशी ह्या विद्येचा संबंध निकटचा आहे. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी बुड्या मारून एका बुडालेल्या पोर्तुगीज काळच्या जहाजाच्या तोफा, हस्तिदंत व चिनी भांडी शोधली. मुंबईच्या पश्चिमेस १९७४ मध्ये सापडलेल्या 'बॉम्बे हाय' तेलक्षेत्रात नळांची डागडुजी व्यावसायिक पाणबुड्ये करतात. त्यांच्या पाठीवरच्या टाकीवर भिस्त ठेवून भागत नाही. हवा वा हेलियममिश्रित वायू, बोलण्याची तार आणि प्रकाश ही सर्व एकाच जाड दोराने वरून येतात. नाळेने बाळ आईशी जोडलेले असावे, तसा तो माणूस नौकेशी जोडलेला असतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या हौसेने किंवा पोटासाठी समुद्रात उतरतील. त्यांनी तीन नियम गाठीशी बांधावेत. पाण्याखाली श्वास कधीही कोंडून धरू नये. कारण १० मीटरवर भरलेली छाती वर येईतो दुप्पट फुगू पाहते व फुप्फुस फाटते. वर येताना मिनिटाला ९ मीटरहून अधिक घाई करू नये, आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबावे. एकट्याने कधी उतरू नये.

आणि जे काठावरच राहतील त्यांनी, खाडीत टोपली घेऊन एका दमावर उतरणारा तो डुबीवाला दिसला, तर क्षणभर विचार करावा. हॅलीपासून कुस्तोपर्यंत इतक्या बुद्धिमंतांनी माणसाच्या श्वासासाठी एवढे शोध लावले. त्यांतील एकही ह्या मनुष्यापर्यंत अजून पोचलेला नाही. विज्ञान शोधून काढणे हे अर्धे काम झाले. ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्यापर्यंत ते नेणे हे उरलेले अर्धे. आणि ते तुमच्या पिढीकडे आहे.